शून्याच्या आधीची खोली

काम तसं साधंच होतं. दादाच्या खोलीतल्या उरलेल्या रेकॉर्डी खोक्यांत भरायच्या, खोक्यांवर आकडे टाकायचे आणि रेकॉर्ड कोरायचं ते जुनं यंत्र पुसून तयार ठेवायचं. यंत्र विकलं गेलं होतं. न्यायला माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. ठमी जेवण आटोपून भर दुपारी भावाच्या घरी पोचली. असल्या कामात घाबरण्यासारखं काय असणार, असं कोणीही म्हटलं असतं. तीही तेच म्हणाली असती. साठीला टेकलेली बाई, चाळीस वर्षं अंधाऱ्या हॉलमध्ये नाचणाऱ्या लोकांसमोर उभी राहून रेकॉर्डी वाजवलेल्या. अंधाराची तिला सवय होती. शांततेची मात्र नव्हती.

ठमी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी मनाविरुद्ध झालं की गाल फुगवून कोपऱ्यात बसायची, म्हणून दादाने ते चिकटवलं आणि ते असं चिकटलं की पुढे हॉलच्या दारावरच्या फलकावरही तेच लागायला लागलं. शनिवारी ठमी. बाकी काही लिहावं लागायचं नाही.

दादाचं लेबल होतं, रेकॉर्डी काढायची स्वतःची कंपनी. म्हणजे काय, तर घरामागची एक खोली, चार माइक आणि ते यंत्र. वाजवणारे यायचे, खुर्च्या ओढून बसायचे, दादा गाणं टेपवर घ्यायचा. मग तेच गाणं यंत्राच्या सुईने काळ्या लेपाच्या गुळगुळीत तबकडीत कोरायचा. त्या तबकडीवरून कारखान्यात ठसा बनायचा आणि ठशावरून हजारभर रेकॉर्डी निघायच्या. पहिली रेकॉर्ड ठमीची. ती शनिवारी वाजायची, आणि लोक नाचले की सोमवारी इतर डीजेंचे फोन यायचे.

दादाची एक खोड होती. रेकॉर्डीत गाणं संपतं तिथे, मधल्या कागदाच्या भोवती, बोटभर रुंदीची कोरी पट्टी राहते. तिथे तो टोच्याने काहीतरी खरडून ठेवायचा. कोणाचा वाढदिवस, कोणाचं तबलेवाल्याशी वाजलं, कोणी चहात साखर जास्त घातली. मूळ तबकडीवरच खरडलेलं असल्याने ते हजार रेकॉर्डींवर जसंच्या तसं उमटायचं. 'ठमी आजही उशिरा आली' असं लिहिलेल्या हजार रेकॉर्डी अनोळखी लोकांच्या घरांत आजही असतील. तिने एकदा त्याला यावरून चांगलंच झापलं होतं. पुढच्या रेकॉर्डीवर त्याने लिहिलं, 'ठमी रागावली आहे'.

मग ठमीची पाठ गेली.

रेकॉर्डींच्या दोन पेट्या उचलून हॉलचे जिने चढणं म्हणजे दोन धट्टीकट्टी मुलं कडेवर घेऊन चढण्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं, हे बंद करा, नाहीतर उभं राहणंच बंद होईल. तेव्हा तिने संगणक घेतला. सगळी गाणी त्याच्या पोटात. पेट्या गेल्या, फक्त दोन रेकॉर्डी राहिल्या, आणि त्या दोन्हींवर गाणं नव्हतं. त्यांच्यावर एक बारीक, न थांबणारी शिट्टी असते. त्या शिट्टीवरून संगणकाला कळतं की सुई या क्षणी कुठे आहे, आणि तो आपल्या पोटातलं गाणं तिथून वाजवतो. हात रेकॉर्डीवरच असतो, थांबवली की गाणं थांबतं, मागे ओढली की मागे येतं. फक्त गाणं तिथे नसतं. दादाला हे समजावून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ ती रेकॉर्ड हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, म्हणजे ही रेकॉर्ड नाहीच, हा रेकॉर्डीचा मुखवटा आहे.

तरी त्यावरून भांडण झालं नव्हतं. झालं ते एका शनिवारी.

दादाचं नवं गाणं तयार झालं होतं. गाणाऱ्या बाईंनी कौतुकाने त्याची फाइल ठमीला आधीच पाठवून दिली, आणि ठमीने फारसा विचार न करता ती रात्रीच्या कार्यक्रमात लावली. लोक बेभान नाचले. त्या गर्दीत तिसऱ्या रांगेत तिला दादा दिसला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली चौकोनी वस्तू होती. कारखान्यातून आलेली पहिली रेकॉर्ड, ठमीची, तो स्वतः घेऊन आला होता. त्याने पूर्ण गाणं उभ्याने ऐकलं. मग ती वस्तू काखेत धरून, लोकांना वाट द्या म्हणत, तो बाहेर गेला. तिचे दोन्ही हात कामात होते. तिने हाकही मारली नाही.

त्यानंतर दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच आईची लेकरं, हट्टाला कोण कमी. सोमवारचे फोन येत राहिले, पण आता प्रत्येक डीजे म्हणायचा, रेकॉर्ड नको, फाइल पाठवा, ठमीताईंना पाठवता तशी. हजाराच्या जागी पाचशे निघू लागल्या, मग दोनशे. कारखान्याने कळवलं की तीनशेच्या खाली यंत्र चालवणं परवडत नाही. रेकॉर्डींचं दुकान होतं तिथे मोबाइलची कव्हरं विकायला लागले. ठमीला हे सगळं कानावर यायचं. हे तिच्या एकटीमुळे झालं नव्हतं, जगभर तेच चाललं होतं. पण त्यांच्या गावात सुरुवात तिने केली होती, आणि हे तिला झोपेतही माहीत होतं.

दादा आठ महिन्यांपूर्वी गेला. हृदयाचं दुखणं. वहिनीचा फोन आला तेव्हा ठमी धावत दवाखान्यात गेली, पण त्याच्या तोंडात नळी होती आणि डोळे मिटलेले. दोन दिवस ती त्याचा हात धरून बसली. त्याने हात काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या मागे होता. तो रागातच गेला का?

दार उघडताना वहिनी म्हणाली की शेवटच्या महिन्यात तो पुन्हा यंत्रावर बसायला लागला होता. कोणाचं काम होतं ते सांगितलं नाही. वहिनी कधी विचारायचीही नाही. तीस वर्षांच्या संसारात त्या खोलीत काम चालू असताना तिला आत यायची मनाई होती. बांगडी वाजली, चप्पल वाजली तरी गाणं खराब व्हायचं. चहासुद्धा ती दाराबाहेर ठेवून जायची.

"पण गाणं नव्हतं गं ते," वहिनी म्हणाली. "दम लागायचा म्हणून दार किलकिलं ठेवायचा, तर नुसती शिट्टी ऐकू यायची. दिवसभर."

खोलीला खिडकी नव्हती. एकामागे एक दोन दारं, दोन्हींना आतून जाड लोकर. मागचं दार लागलं की बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं व्हायचं. ठमीने दिवा लावला, पंखा लावला. त्या लेपाचा वास अजून होता, नखांच्या रंगासारखा गोडसर, आणि त्यात मोटारीच्या तेलाचा. तिला एकदम वीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मग ती कामाला लागली.

चार खोकी भरून झाली आणि यंत्राच्या फिरत्या थाळीवर तिला एक तबकडी दिसली. कागदी पाकिटात होती. पाकिटावर दादाचं तिरकं अक्षर, 'ठमीसाठी'.

ती कारखान्यात निघालेली रेकॉर्ड नव्हती. स्वतः कोरलेली मूळ तबकडी होती, जड, काळी, आरशासारखी चकचकीत. असल्या तबकडीचा लेप मऊ असतो. प्रत्येक वेळी सुई फिरली की थोडा झिजतो, म्हणून कोणी ती सहसा वाजवत नाही. ठमीने खोलीतल्या जुन्या प्लेअरवर ती ठेवली आणि कडेला सुई टेकवली.

शिट्टी आली. तीच, बारीक, न थांबणारी.

तिने डोळ्यांजवळ धरून मधली कोरी पट्टी वाचली. तिथे टोच्याने दोन शब्द होते. 'पाठ जप.'

ठमी खाली खोक्यावर बसली आणि रडली. मुखवटा म्हणणाऱ्या माणसाने महिनाभर बसून तिच्यासाठी तो मुखवटा हाताने कोरला होता. मग तिला हसूही आलं. तिचा संगणक पिशवीतच होता, संध्याकाळी तिथूनच हॉलवर जायचं होतं. तिने तारा जोडल्या. दादाचं काम चालतं की नाही ते बघावं, एवढाच हेतू. लेबलचं तिसरं की चौथं गाणं तिने निवडलं, तरुणपणीचं, आणि सुई कडेला टेकवली. जुनी सवय. हल्लीची पोरं सुई कुठेही टाकतात, पण रेकॉर्डीवर वाढलेला माणूस कडेपासूनच सुरू करतो.

पडद्यावर आकडा आला. बाजारातली रेकॉर्ड असती तर शून्य, म्हणजे गाण्याची सुरुवात, आला असता. इथे आला उणे सात मिनिटं.

चुकला की हा, ती स्वतःशी म्हणाली. आयुष्यभर इतरांच्या चुका काढणारा दादा कोरताना चुकला. शून्याच्या आधी गाणं नसतंच, तेव्हा सात मिनिटं शांतता ऐकत बसायची. ती सुई उचलायला वाकली, आणि स्पीकरमधून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

तिने मागे वळून पाहिलं. मागे खोकी होती.

मग कोणीतरी खोकलं. तबल्यावर हातोडीचे बारीक ठोके पडू लागले, सूर चढवत चढवत. एक बाई हसली आणि म्हणाली, "पाणी कुठाय?" आणि अगदी जवळून दादाचा आवाज आला. पंचविशीतला, केस होते तेव्हाचा. "पंखा बंद करा. आणि ठमे, तुला हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस."

त्यावर कोणीतरी तोंड दाबून हसलं. ते हसू तिचंच होतं.

घाबरायला हवं होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी तिला फक्त आनंद झाला. ती स्पीकरजवळ जमिनीवर मांडी घालून बसली आणि सातही मिनिटं ऐकली. त्या दिवशी तबलेवाल्याचा जोडा चोरीला गेला होता, त्यावरून चाललेली थट्टा ती पार विसरून गेली होती. टेपवर यातलं काहीच नव्हतं. दादा टेप सुरू करायचा ते सगळे गप्प झाल्यावर. आकडा शून्यावर आला आणि गाणं नेहमीसारखं सुरू झालं.

तिने दुसरं गाणं लावलं. त्याच्या आधीही तीच खोली, पण दुसरा दिवस. बाहेर पाऊस होता आणि कोणीतरी ओल्या कपड्यांवरून कुरकुरत होतं. तिसऱ्याच्या आधी दादा गाणाऱ्या बाईंना चाल शिकवत होता. चौथ्याच्या आधी सगळे दमून गप्प होते आणि कोणीतरी हलकंच शीळ घालत होतं. तिने संगणकावर हे उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. उतरलेल्या फाइलमध्ये काहीच नव्हतं. बरोबर आहे, दादाचीच तबकडी, तिला वाटलं. फाइल द्यायची नाही म्हणजे नाही.

पाचवं गाणं तिने जरा भीत भीत निवडलं. ते त्या शनिवारचं होतं. त्याच्या आधीच्या खोलीत दादा म्हातारा झाला होता. गाणाऱ्या बाई विचारत होत्या, चालेल का हो हे आजकाल? दादा म्हणाला, "ठमी वाजवेल ना शनिवारी. तिने वाजवलं की झालं. पहिली रेकॉर्ड मी स्वतः नेऊन देणार आहे तिला."

ठमीने सुई उचलली. पुढचं तिला ऐकवेना.

तेवढ्यात तिचं लक्ष आकड्याकडे गेलं. पहिल्यांदा सुई टेकवली तेव्हा उणे सात होतं. आता कडेलाच टेकवूनही साडेपाचावर आला होता. यात तिला न समजण्यासारखं काही नव्हतं. कडेचा लेप झिजत चालला होता, शिट्टी वाचता येईना, म्हणून संगणक पुढून मोजत होता. प्रत्येक ऐकण्यागणिक खोली आखूड होत होती. आता पुरे, तिने ठरवलं, फक्त एकदाच, ते पहिलं, जोडा चोरीला गेलेलं. डोळे भरलेले होते, बोट घसरलं, आणि यादीतलं शेजारचं गाणं लागलं.

ते गाणं दादाचं नव्हतं. परदेशातल्या कोणा मुलीने ते सबंध संगणकावर जुळवलं होतं. त्याला माइक नव्हता, वाजवणारे नव्हते, खुर्च्या नव्हत्या. ते कुठल्या खोलीत झालेलंच नव्हतं. याच्या आधी काय ऐकू येणार? तिने सुई टेकवली ती निव्वळ कुतूहलाने.

बराच वेळ काही नाही. मग एक घरघर. मागे ते यंत्र होतं, त्याच्या मोटारीची घरघर ती डोळे मिटून ओळखायची. तिने वळून पाहिलं. यंत्राची तार काढून भिंतीला गुंडाळून ठेवलेली होती. घरघर फक्त स्पीकरमध्ये होती. आणि त्याखाली श्वास. एकाचा नव्हे.

खुर्च्या सरकल्या. एक... दोन... तीन.

"कोण राहिलंय अजून?" हा तबलेवाला. तो जाऊन सहा वर्षं झाली होती.

"ठमी," दादा म्हणाला. शेवटच्या वर्षातला आवाज, प्रत्येक वाक्याला दम लागणारा. "चौथी खुर्ची मांडून ठेवा. तिला घाई नाही. थांबू या."

"रागावला होतात ना हो तिच्यावर?" या गाणाऱ्या बाई. त्या गेल्या वर्षी थंडीत गेल्या होत्या.

आकडा सरकत होता. तीन मिनिटं, अडीच, दोन. खोलीत कोणीच बोलेना. ती स्पीकरला कान लावून बसली होती आणि तिच्या तोंडून शब्द गेला, "सांग ना..."

"होतो," दादा म्हणाला. सावकाश, जणू तिलाच उत्तर देत. "खूप रागावलो होतो. मग एक दिवस कळलं की तिची पाठ इतकी दुखते की तिला चपला घालायला वाकता येत नाही. आणि मी रेकॉर्ड काखेत घेऊन रुसून बसलोय. मग कसला राग... तेव्हा कोरायला घेतली."

ठमीने तोंडावर हात दाबला. दोन वर्षं आणि आठ महिने छातीत अडकलेलं काहीतरी सुटलं, आणि ती लहान मुलीसारखी हमसून रडू लागली. त्या रडण्यात तिला पुढचं उशिरा ऐकू आलं.

"पंखा बंद करा," दादा म्हणत होता. "ती आली की सुरूच करायचं."

उणे वीस सेकंद. पंधरा. इतर गाण्यांना शून्यावर गाणं सुरू झालं होतं. इथे शून्यावर काय सुरू होणार, हे तिला माहीत नव्हतं, आणि तिथे कोणाची वाट बघत होते ते मात्र माहीत होतं. दहा सेकंद उरले असताना तिने सुई उचलली. घाईत तबकडीला ओरखडा गेला.

दार उघडलं आणि वहिनी चहा घेऊन उभी राहिली. या वेळी बाहेर ठेवून गेली नव्हती.

"पंखा का गं बंद केलास? घामाने भिजलीस बघ."

ठमीने वर पाहिलं. पंखा थांबलेला होता. बटण बंद केलेलं होतं, आणि ते दाराजवळ होतं, तिच्यापासून दहा पावलांवर.

तिने वहिनीला सगळं सांगितलं. वहिनीने न हसता ऐकलं आणि एवढंच विचारलं की त्यांनी माझं नाव काढलं का. ठमीला खोटं बोलता आलं नाही. नाही, ती म्हणाली. वहिनीने मान डोलावली आणि कप उचलून आत गेली.

यंत्र गेलं. खोकी गेली, जुना प्लेअरही गेला. तबकडी ठमीने घरी नेली नाही. नेली असती तर रोज लावली असती आणि आठवड्यात झिजवून संपवली असती, एवढं ती स्वतःला ओळखून होती. वहिनीच्या कपाटात कपड्यांखाली ठेवली, किल्ली वहिनीकडे. दादा रागात गेला नाही हे कळलं होतं. तेवढं पुरे, असं ती रोज स्वतःला सांगायची आणि हॉलमध्ये त्या जुन्या गाण्यांच्या फाइली लावायची. लोक नाचायचे. गाण्यांच्या आधी काही नसायचं.

दोन महिने तिने कळ काढली. मग एका दुपारी वहिनीचाच फोन आला. प्लेअर आणि संगणक घेऊन ये, वहिनी म्हणाली, मलाही जरा बोलायचंय.

खोली रिकामी होती. यंत्राच्या जागी फरशीवर चार फिकट खुणा उरल्या होत्या. ठमीने जमिनीवरच प्लेअर मांडला, सोबत आणलेला स्पीकर जोडला. वहिनीने कपड्यांखालून तबकडी काढून दिली. पाकीट जसं ठेवलं होतं तसंच होतं. ठमीने ते परदेशी मुलीचं गाणं निवडलं, सुई कडेला टेकवली, आकडा पाहिला आणि लगेच उचलली.

उणे एक मिनिट चाळीस सेकंद.

तिने तबकडी दिव्याखाली तिरपी धरली. मागच्या वेळी बोटभर कड झिजलेली होती. आता अर्ध्याहून जास्त तबकडी राखाडी पडली होती, कोणीतरी रोज, अनेकदा, सुई फिरवल्यासारखी.

"वहिनी... कोणी वाजवली ही?"

"कशावर वाजवणार? घरात प्लेअर आहे कुठे?" वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "पण ऐकू येतं मला. दुपारी, कपाटातून. जेवून जरा पडले की."

"काय ऐकू येतं?"

"बोलणं नाही कळत. खुर्च्या सरकवतात. आधी चार होत्या, तू म्हणाली होतीस तशा. मी मोजायचे." वहिनीने लाजल्यासारखं हसत सांगितलं, "गेल्या रविवारपासून पाच सरकवतात."

ठमीने तबकडी परत प्लेअरवर ठेवली.

"मी ना गाणारी, ना वाजवणारी," वहिनी म्हणाली. "तीस वर्षं दाराबाहेर चहा ठेवला. एकदा तरी आत बसावंसं वाटायचं गं. बांगड्या काढून ठेवल्या असत्या मी." ती स्वयंपाकघरात गेली. ठमीने पाहिलं, तिचे हात मोकळे होते, एकही बांगडी नव्हती.

"वहिनी, आपण ही तोडून टाकू," ठमीने आतल्या दिशेने म्हटलं. "दादाचा राग नव्हता हे कळलं ना. मला पुरे आहे तेवढं."

"तुला पुरे आहे," वहिनीचा आवाज आला. "मला काय कळलं?"

वहिनी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलून घेऊन आली, स्पीकरसमोर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन तिच्यावर बसली, शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं बसतात तशी. तिने दोन्ही दारं लावून घेतली होती.

"लाव," ती म्हणाली.

ठमीने सुई हातात धरली होती. तबकडी थांबलेली होती, सुई तिच्यापासून वीतभर वर. वहिनीने नीट बसायला खुर्ची जराशी पुढे सरकवली. फरशीवर लाकूड घासल्याचा तो आवाज ठमीला दोनदा ऐकू आला. एकदा पाठीमागून, आणि लगेच दुसऱ्यांदा, स्पीकरमधून.